परक्या विधानसभेतील मते
(नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत कार्यकर्त्याला काही काम नसते, असा आपल्याकडे एक रूढ समज आहे. मते आमदार-खासदारांनी द्यावयाची, आकडे दिल्लीत जुळावयाचे आणि आपण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचून हळहळावयाचे, एवढाच आपला वाटा! हा समज मला मान्य नाही. श्रीमती द्रौपदी मुर्मू यांची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. त्या वेळी विरोधी पक्षांचा उमेदवार सत्ताधाऱ्यांच्या ताब्यातील विधानसभांतून काही मते मिळवू शकेल काय, हा प्रश्न आज विचारला तरच त्याला काही अर्थ आहे. जून महिन्यात तो विचारणे म्हणजे वरात दारी आल्यावर नवरदेव शोधण्यासारखे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार एखादे राज्य 'जिंकतो' म्हणजे बहुतेक ठिकाणी त्या राज्याची सगळी मते एकगठ्ठा घेतो. २००८ साली ओबामांनी व्हर्जिनिया आणि इंडियाना ही राज्ये घेतली. १९६४ नंतर त्या राज्यांनी डेमोक्रॅटिक उमेदवाराला कौल दिलेला नव्हता. आपल्याकडे असे राज्य जिंकता येत नाही. प्रत्येक आमदाराचे मत स्वतंत्र मोजले जाते. त्याचे मूल्य १९७१ च्या जनगणनेवरून ठरते; महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे मूल्य १७५, उत्तर प्रदेशात २०८, सिक्कीममध्ये ७. आपल्या २८८ आमदारांचे मिळून ५०,४०० होतात. मतदान गुप्त असते, पक्षादेश काढता येत नाही आणि पक्षाविरुद्ध मत दिले म्हणून कोणाचे सदस्यत्व जात नाही. म्हणजे परक्या घरातील मते मिळविण्याला कायद्याची आडकाठी कोणतीच नाही. अडचण असते ती राजकीय आहे, आणि तिचाच विचार आपल्याला करावयाचा आहे.

१९६९ साल घ्या. डॉ. झाकिर हुसेन यांचे ३ मे रोजी निधन झाले. व्ही. व्ही. गिरी यांनी निवडणूक लढविण्यासाठी राजीनामा दिला, आणि राष्ट्रपतिपदाची धुरा पाच आठवडे सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्याकडे आली. मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी आणि पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असलेले हे गृहस्थ आपल्या शहराला परके नव्हते. त्या निवडणुकीत एक मराठी उमेदवार होता, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. चिंतामणराव देशमुख हे जनसंघ व स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्यावर उभे होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली मंत्रिपद सोडलेला माणूस! मराठी अस्मितेचा हक्क सांगावा तर याहून मोठा अधिकार कोणाचा होता? तरीही महाराष्ट्राची विधानसभा त्यांच्यामागे उभी राहिली नाही. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसचे २०३ आमदार निवडून आले होते आणि त्यांच्यासमोर प्रश्न होता तो संजीव रेड्डी की गिरी, यशवंतरावांचे ऐकावे की इंदिराजींचे, हा. देशमुखांना देशभरात मिळून पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मते पडली आणि ते तिसरे आले. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मोजणीत ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निसटते निवडून आले.

आता २००७ कडे या. प्रतिभाताई पाटील जळगावच्या कन्या, आपल्या अमरावतीच्या सूनबाई, आणि १९९१ ते १९९६ अमरावतीच्या खासदार. त्यांच्याविरुद्ध उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत होते. पक्षापलीकडे जाऊन आमदार आपल्याला मते देतील, अशी शेखावतांची आशा होती. म्हणूनच ते 'अपक्ष' म्हणून उभे राहिले. घडले ते उलटे. भारतीय जनता पक्षाचा सर्वांत जुना मित्र, शिवसेना, आघाडीची शिस्त मोडून प्रतिभाताईंच्या मागे उभी राहिली. ताईंना ६,३८,११६ मते पडली, शेखावतांना ३,३१,३०६.

मग १९६९ साली जे घडले नाही ते २००७ साली कसे घडले? मराठीपणा दोन्ही वेळी होताच. फरक एवढाच की १९६९ साली मराठीपणावर जगणारा पक्ष विधानसभेत मोजण्याइतकाही नव्हता, आणि २००७ साली तो होता. मराठी माणसाचे नाव घेऊन वाढलेल्या संघटनेला मराठी स्त्रीच्या विरुद्ध मत देणे म्हणजे स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारणे होते. उमेदवाराने शिवसेनेचे मन वळविले असे नव्हे. उमेदवाराचे नाव जाहीर होताच शिवसेनेपुढे दुसरा मार्ग उरला नाही. आणखीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २००४ साली निवडून आलेले सेनेचे सर्वच्या सर्व ६२ आमदार आणि १२ खासदार धरले तरी त्यांच्या मतांचे मूल्य वीस हजारांच्या आतच राहते. ताईंचे मताधिक्य तीन लाखांवर होते. म्हणजे सेनेच्या मतांनी निकाल ठरला नाही, आणि ठरणार नव्हता म्हणूनच ती मते इतक्या मोकळेपणाने मिळाली, असे म्हणण्यास जागा आहे. फुकटची उदारता राजकारणात नेहमीच मुबलक असते.

२०१२ सालचे एक उदाहरण ओझरते सांगतो. कर्नाटकात त्या वेळी भारतीय जनता पक्षाचे सरकार होते. त्या विधानसभेत प्रणव मुखर्जी यांना ११७ आणि भाजपने पाठिंबा दिलेल्या संगमांना १०३ मते पडली! त्यात जनता दलाची मते होती हे खरे. पण सत्ताधारी पक्षाच्या घरातील भांडण त्या पेटीत उतरल्याशिवाय हा आकडा होत नाही. घरातील भांडण हे परक्या मतांचे दुसरे उगमस्थान. त्यावर उमेदवाराला हिशेब मांडता येत नाही, कारण ते भांडण त्याच्यासाठी पेटलेले नसते.

मला अधिक वेळ द्यावासा वाटतो तो २०२२ ला. त्या वेळी विरोधकांनी शरद पवार, फारुख अब्दुल्ला, गोपाळकृष्ण गांधी अशा एकेका नावापुढे हात जोडले, आणि तिघांनीही नकार दिल्यावर यशवंत सिन्हा यांचे नाव २१ जूनला जाहीर केले. त्याच दिवशी रात्री सत्ताधाऱ्यांनी श्रीमती मुर्मू यांचे नाव पुढे केले. सिन्हा हजारीबागचे, म्हणजे झारखंडचे. झारखंडात सरकार होते झारखंड मुक्ती मोर्चा आणि काँग्रेस यांचे. हिशेब वरवर सोपा होता. तरीही मुक्ती मोर्चाने मते दिली ती मुर्मूंना.

आपल्यापैकी अनेकांनी त्या वेळी 'जातीचे राजकारण' म्हणून नाक मुरडले. मला ते अन्यायाचे वाटते. एका संथाळ स्त्रीला देशाच्या सर्वोच्च पदावर बसविण्याविरुद्ध हेमंत सोरेन यांनी मत द्यावयाचे, आणि मग दुमक्याच्या बाजारात जाऊन त्याचे कारण सांगावयाचे, हे शक्य तरी होते काय? त्यातही एक गोष्ट आपण विसरतो. मुर्मू झारखंडच्या राज्यपाल होत्या. छोटानागपूर आणि संथाळ परगणा येथील कूळकायद्यांत बदल करून आदिवासींच्या जमिनी बिगरशेती वापरासाठी मोकळ्या करू पाहणारी विधेयके तेथील भाजपच्याच सरकारने केली. त्यांच्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले, आणि २०१७ साली राज्यपालांनी ती विधेयके परत पाठविली. हे आंदोलन कोणी केले? मुक्ती मोर्चाने, ग्रामसभांनी, आपल्या विचारांच्या अनेक मित्रांनी. म्हणजे ज्या कृतीने मुर्मूंना विरोधकांच्या राज्यात प्रतिष्ठा मिळाली, ती कृती आपल्याच लढ्याने घडवून आणलेली होती. तिचे राजकीय फळ मात्र दुसऱ्यांनी वेचले. यशवंत सिन्हा हे सचोटीचे आणि स्पष्टवक्ते गृहस्थ. परंतु माजी सनदी अधिकारी आणि वाजपेयी सरकारचे माजी अर्थमंत्री यांनी आदिवासी आमदाराला कोणते कारण पुरवावे?

महाराष्ट्रात त्याच वेळी जे चालले होते ते तुम्हाला सांगावयास नको. ३० जूनला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले, ४ जुलैला त्यांनी १६४ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला, आणि १२ जुलैला उद्धव ठाकरे यांनीही मुर्मूंना पाठिंबा जाहीर केला. १८ जुलैच्या मतदानात महाराष्ट्रातून मुर्मूंना १८१ आणि सिन्हांना ९८ मते पडली. ज्याचे सरकार एकोणीस दिवसांपूर्वी पाडले गेले तो पक्ष पाडणाऱ्यांच्या उमेदवाराला मत देतो, यात काहींना केवळ भीती दिसली. भीती असेलही. पण २००७ साली मराठी स्त्री आणि २०२२ साली आदिवासी स्त्री, दोन्ही वेळी शिवसेनेने मतदाराच्या डोळ्याला डोळा भिडविता येईल असेच मत दिले, हेही तितकेच खरे. केरळकडेही एकदा पाहा. तेथील १४० आमदारांपैकी १३९ मते सिन्हांना पडली, कारण तेथे भाजपविरोध हेच आमदाराने मतदाराला सांगावयाचे कारण होते.

मात्र प्रांताचे किंवा भाषेचे नाते जोडले की परकी मते आपोआप येतात, असा निष्कर्ष काढू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये उपराष्ट्रपतिपदासाठी सत्ताधाऱ्यांनी तमिळ उमेदवार दिला, तेव्हा द्रमुक हलला नाही. विरोधकांनी तेलुगू न्यायमूर्ती सुदर्शन रेड्डी यांना उभे केले, तर आंध्रातील दोन्ही मोठे पक्ष हलले नाहीत. निकाल ४५२ विरुद्ध ३००. उमेदवाराचे गाव पुरेसे नसते. त्या गावच्या लोकांसाठी त्याने काय केले, आणि ते तेथील सामान्य माणसाला ठाऊक आहे काय, हे पाहावे लागते. न्या. रेड्डी यांनी २०११ साली सलवा जुडूम बेकायदा ठरविणारा निर्णय दिला होता. तो निर्णय आमच्या गडचिरोलीच्या सीमेपलीकडील बस्तरमध्ये माहीत होता. हैदराबाद-विजयवाड्याच्या राजकारणात त्याची किंमत नव्हती. खरे तर गृहमंत्र्यांनी प्रचारात तोच निर्णय त्यांच्याविरुद्ध वापरला. त्याला उत्तर देणारी एक तरी सभा आपण नागपुरात घेतली काय?

आता २०२७. महाराष्ट्र हे आज विरोधकांच्या दृष्टीने परके राज्य आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सत्तेतील तीन पक्षांनी २८८ पैकी २३० जागा जिंकल्या. महाविकास आघाडीच्या तीन प्रमुख पक्षांना ४६ मिळाल्या. त्यांचे मूल्य होते ८,०५०. या आकड्यांवर कोणी विजयाची भाषा करू लागला तर त्याला आपण हसावे. तरीही लढत द्यावयाचीच. १९५२ साली के. टी. शाह राजेंद्रबाबूंविरुद्ध ९२,८२७ मते घेऊन पडले. राष्ट्रपती थेट जनतेने निवडावा अशी दुरुस्ती घटना समितीत मांडणारे हेच शाह. ती दुरुस्ती फेटाळली गेली ते माझ्या मते बरेच झाले. पण त्यांच्या उमेदवारीने एक प्रश्न पटलावर राहिला.

माझे म्हणणे एवढेच की उमेदवाराचे नाव दिल्लीच्या बंद खोलीत तीन नकारांनंतर ठरू नये. वनहक्काच्या दाव्यांवर, कापसाच्या भावावर, राज्यांच्या करवाट्यावर ज्याने किंवा जिने हाताने काम केले आहे, अशी नावे जिल्ह्याजिल्ह्यांतून या वर्षीच वर जाऊ द्या. मेळघाटच्या, गडचिरोलीच्या, यवतमाळच्या सत्ताधारी आमदाराला त्याच्याच मतदाराने गावात विचारले पाहिजे की, या बाईंना, या गृहस्थांना तुम्ही मत का देत नाही? तो प्रश्न विचारणारा मतदार तयार करणे हे दिल्लीचे काम नाही. विदर्भातील अकरा जिल्ह्यांच्या समित्यांनी आपापली नावे, त्या नावांमागील कामाच्या टिपणासह, पुढील बैठकीत आणावीत, अशी सूचना मी अध्यक्षांपुढे ठेवतो.