वात, टाकी आणि मागे घेतलेले शब्द



‘आपापल्या कामातलं काहीतरी सांगा’ असा आयोजकांचा निरोप होता. मी सॉफ्टवेअरवाली. माझं रोजचं काम सांगितलं तर जेवणाआधीच तुम्हाला झोप येईल. म्हणून घरातली एक दुरुस्ती सांगते. विषय ऐकून सर माझा कान धरतील: ई-सिगारेटची टाकी! आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने तिच्या विक्रीवर आणि आयातीवर बंदी आहे, त्यामुळे नमुना आणलेला नाही.

आम्ही मँचेस्टरला राहतो. माझ्या नवऱ्याने अठरा वर्षं सिगारेट ओढली. तिथली सरकारी आरोग्यसेवा सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांना ई-सिगारेटचा आधार घेऊ देते. मुलांनी आणि न ओढणाऱ्यांनी मात्र तिच्या वाटेला जाऊ नये, असं बजावतेही. त्याने ती घेतली. तीन आठवडे बरे गेले. मग ती खिशात गळू लागली, ओढली की घशाला जळका ठसका लागायचा. एका संध्याकाळी तो सिगारेटचं पाकीट घेऊन घरी आला. मी रागाने म्हणाले, “तुझ्याच्याने हे होणारच नाही.”

रात्री झोप येईना. उठले आणि जेवणाच्या टेबलावर ती टाकी उघडली.

प्रयोगशाळेत काचेच्या बारीक नळीत आपोआप चढणारं रंगीत पाणी आठवतं? केशाकर्षण! टाकीत तेच चालतं. तारेच्या वेटोळ्याला लागून कापसाची वात असते. ती निकोटीन मिसळलेला ग्लिसरीनचा द्रव ओढते आणि तापलेली तार त्याची वाफ करते. ग्लिसरीन घट्ट, त्यामुळे ते सावकाश चढतं. नवऱ्याने नवं वेटोळं बसवून लगेच बटण दाबलं होतं. समईतलं तेल संपलं की वातच जळते, तसा कापूस काळा पडला होता. कोरड्या वातीवर ग्लिसरीन करपलं की ॲक्रोलीन तयार होतं. कढईत तेल जळल्यावर डोळे चुरचुरतात ना, त्या धुरातही तेच असतं. म्हणजे ठसका हा इशाराच होता.

गळतीचं कारण त्याहून साधं निघालं. तळाची रबरी रिंग चिरली होती. कुकरची रिंग आपण वेळच्या वेळी बदलतो; हिच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

रिंग बदलली, टाकी कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवली. नव्या वातीवर थेंब सोडले, टाकी भरली आणि दहा मिनिटं घड्याळ लावून थांबलो. ठसका गेला, गळती थांबली.

पण इंजिनिअरच्या डोक्यातून ते जाईना. हवेची भोकं तळाशी असली की वातीतून झिरपलेला जास्तीचा द्रव तिथूनच बाहेर येतो. ती वर, द्रवाच्या पातळीपेक्षा उंच ठेवली की गळती बरीच कमी होते. दुसरं, स्टेनलेस स्टीलच्या तारेचा रोध तापमानाबरोबर वाढतो. तो मोजून वात कोरडी पडताच वीज कमी करणारी चिप असते. अशी उपकरणं बाजारात आहेतही. मला वाटतं, ही सोय महागड्या उपकरणापुरती राहू नये. सिगारेट सोडू पाहणारा माणूस आधीच चिडलेला, थकलेला असतो. त्याने बारीक अक्षरांतली माहितीपत्रकं वाचावीत, ही अपेक्षाच चुकीची आहे. माझ्या टीमला मी आता हेच सांगते: वापरणारा वारंवार चुकत असेल, तर आधी आपलं काम तपासा.

सकाळी मी नवऱ्यासमोर काळी वात ठेवली आणि माझे शब्द मागे घेतले. पाकिटातल्या उरलेल्या सिगारेटी त्याने स्वतःच मोडून टाकल्या. पुढे त्याने निकोटीनचं प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी केलं. दीड वर्षाने ई-सिगारेटही सुटली.

ती टाकी ड्रॉवरमध्ये कोरडी पडून आहे. तिची देखभाल आता कोणी करत नाही, याचा मला फार आनंद आहे.