परसातला नारळ आणि गेंड्या भुंगा

मोशी, तळवडे, चाकणकडं शेताच्या बांधाला कारखान्याची भिंत येऊन भिडली, तरी परसातला नारळ पुष्कळांनी राखला आहे. त्याची नवी झावळी उलगडली नि कात्रीनं त्रिकोणी कापल्यासारखी दिसली, की समजावं, गेंड्या भुंगा शेंड्यात शिरला. नारळाला शेंडा एकच. आतला कोंब खाल्ला गेला की झाड गेलंच.

भुंगा वर दिसतो, पण त्याचं बिऱ्हाड खाली, तुमच्याच उकिरड्यात! जाड, पांढऱ्या, वाकड्या अळ्या कुजलेल्या शेणखतात ३-४ महिने पोसतात. गुरं विकली, खड्डा मात्र तसाच राहिला, असं बऱ्याच घरी झालंय. तो आधी उपसा. अळ्या वेचून कोंबड्यांपुढं टाका. त्या आवडीनं खातात. उरल्या खतावर मेटारायझियम बुरशी पाण्यात कालवून शिंपडा.

झाडावर चढणाऱ्या माणसाकडून तारेच्या आकड्यानं भुंगा ओढून काढावा. मग वरच्या २-३ झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड व वाळू, प्रत्येकी २५० ग्रॅम, मिसळून भरावी. हे पावसाआधी कराच. गेंड्यानं पाडलेल्या जखमेत सोंड्या भुंगा अंडी घालतो, आणि खोडातून तांबूस चिकट पाणी गळू लागेपर्यंत घरधन्याला पत्ताही लागत नाही.