लेकराचं ताट आणि मायबापाचं शिक्षण

बी, खत, पाणी यांचा हिशेब आपण नेहमी करतो. आज घरातल्या लहान लेकराच्या ताटाचा हिशेब करू.

२०१९ ते २०२१ या काळात देशात पाचवी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. ज्या माता कधी शाळेत गेल्या नाहीत, त्यांच्या पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी ४६ मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. बारा किंवा अधिक वर्षं शिकलेल्या मातांच्या शंभर मुलांत हा आकडा २६ होता. शिकलेल्या घरात बहुधा पैसाही जास्त असतो, हे खरं. पण पैशानेच सारं होत नाही. याच पाहणीत सहा महिने ते दोन वर्षं वयाच्या शंभर बालकांपैकी फक्त अकराच्या आसपास बालकांना पुरेसा चौरस आहार मिळत होता. म्हणजे शिकल्या-सवरल्या घरीही चुकतंच.

मग शिक्षणाने काय होतं? वजनाचा तक्ता वाचता येतो, न समजलेलं विचारण्याचा धीर येतो. हा धीर अंगठा लावणाऱ्या मायलाही येऊ शकतो. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करा आणि "मागच्या खेपेपेक्षा वाढलं का?" एवढं विचारा.

आता आपल्या भंडारा जिल्ह्यातली रोवणी पहा. माय दिवसभर बांधीत. लहानग्याला सांभाळायला थोरल्या मुलीची शाळा बुडते. ती लेकराला पेज पाजते, रडलं की बिस्कीट देते. पोट भरल्यासारखं वाटतं, पण अंगी लागत नाही. एकाच महिन्यात लहानग्याचं वजन घटतं आणि मोठीची शाळा मागे पडते. उद्या हीच मुलगी माय होणार आहे, हे विसरू नका.

यावर उपाय असा. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ निवडून, वेगवेगळी भाजून दळून ठेवा. हे पीठ पाण्यात घट्ट शिजवावं, त्यात चमचाभर तेल आणि थोडा गूळ घालावा. सकाळचं शिजलेलं पावसाळी दमटात दुपारपर्यंत ठेवू नका, ताजंच द्या. दोन-तीन घरांनी मिळून एका जाणत्या म्हातारीकडे लेकरं सोपवावीत. दुपारी बापाने घरी येऊन चार घास भरवले, तर त्यात कमीपणा कसला?

सहा महिन्यांपर्यंत फक्त अंगावरचं दूध. त्यानंतर दूध चालू ठेवून वरचं घट्ट अन्न सुरू करा. आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा, नवव्यापासून तीन-चार वेळा. वरण-भात, पालेभाजी, अंडं, बोडीतल्या मासोळीचा काटे काढलेला गर, पिकली पपई, सारं चालतं. नवी चव लेकरू पहिल्यांदा थुंकतं. चिडू नका, आठ-दहा वेळा थोडं थोडं देऊन पहा. चहा मात्र देऊ नका, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. अंगणवाडीतून मिळालेला आहार ज्याचा त्यालाच द्या.

आणि एक. लेकरू सांगितलेलं कमी ऐकतं, पाहिलेलं जास्त करतं. बापाने ताटातली भाजी बाजूला सारली, की पोरगंही सारतं. बापाच्या हाती बाजारातून पुडे आले, की पोरगं पुडेच मागतं.

तेव्हा यंदाच्या रोवणीत दोन गोष्टी ठरवा. लहानग्याचं दुपारचं जेवण चुकवायचं नाही, आणि मोठीची शाळा बुडवायची नाही.