ठणका, आग आणि चमक

वेदगंगेकाठच्या मुरगूडहून निपाणी काही लांब नाही. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर बसले, ते याच निपाणीजवळ. या मुलखातल्या कितीतरी घरांत तंबाखूवर चूल पेटली. चुना लावून मळलेली चिमूट गालात धरायची सवयही इथं मुरलेली. गालाच्या, जिभेच्या, हिरडीच्या कर्करोगाचं मूळ पुष्कळदा त्या चिमटीत सापडतं. पण श्रोतेहो, ‘तंबाखू सोडा’ हे आपण नेहमीच ऐकतो. रोग झालाच, तर दुखण्याचं काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

घरात उत्तर ठरलेलं असतं: सोसायचं. ते साफ चूक आहे.

तोंड-घशाचं दुखणं एका जातीचं नसतं. गाठ जबड्याच्या हाडात शिरली की ठणका लागतो. रेडिएशन सहा-सात आठवडे चालतं; त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटतं आणि आमटीचा घोटसुद्धा आग लावतो. मज्जातंतूवर दाब आला की कानापर्यंत चमक जाते. मानेतल्या गाठी काढल्यावर कुणाला हात डोक्यापर्यंत नेता येत नाही. उपायही वेगळाले. चमकेवर गॅबापेंटिन देतात; मूळचं ते फिटचं औषध, म्हणून चिठ्ठी पाहून घरचे बिचकतात. आगीवर मीठ-सोड्याच्या गुळण्या आणि बधिर करणारं औषध, खांद्याला व्यायाम. तेव्हा डॉक्टरांना नुसतं ‘दुखतंय’ सांगून भागत नाही. कसं, कुठं, आणि शून्य ते दहात किती, हे सांगावं. बोलता येत नसेल, तर बोटांवर दाखवावं.

दुखणं जोरात असेल तर मॉर्फिन. जागतिक आरोग्य संघटनेनं 1986 सालीच सांगून ठेवलं आहे: वेदनाशामक शक्यतो तोंडानं आणि घड्याळाप्रमाणे द्यावं. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी असते; कळ येण्याची वाट बघायची नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या गोळीनं माणूस व्यसनी होईल, ही भीती बहुतेक वेळा फुकाची. खरा त्रास बद्धकोष्ठाचा, म्हणून पहिल्या दिवसापासून सोबत रेचक हवं. रोगी फार गुंगला, श्वास मंदावला, तर लगेच डॉक्टर गाठावा. नाकातल्या नळीतून औषध देताना दिवसभर पुरणारी गोळी कधीही कुटू नये. सगळी मात्रा एकदम अंगात जाते.

गंमत अशी, की मॉर्फिन ज्या अफूतून निघतं, तिचे सरकारी कारखाने याच देशात नीमच आणि गाझीपूरला आहेत. पण 1985 च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकानं दवाखाने मॉर्फिन ठेवायला कचरत. 2014 च्या दुरुस्तीनं नियम सोपे झाले, तरी प्रत्येक औषध दुकानात ते मिळत नाही. म्हणून कोल्हापूरहून किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयातून मुरगूडला परतताना पुढच्या तपासणीपर्यंत पुरतील इतक्या गोळ्यांबद्दल तिथंच विचारावं, आणि घरी आल्यावर पोरांचा हात पोहोचणार नाही अशा कुलपात त्या ठेवाव्यात.