मदतीचे नियम आणि मजुरांचा हक्क

(घमापूर, जबलपूर येथील सभेतील भाषणाचा मजकूर)



ज्या जबलपुरात ही सभा भरली आहे, त्या जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ च्या शिरगणतीत साडेसात लाखांच्या घरात होती. १९०१ मध्ये ती सात लाखांच्या खाली आली. मधल्या काळात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडले. दोन्ही वेळी दुष्काळनिवारणाचे छापील नियम सरकारी कपाटात तयार होते! मग माणसे का मेली?

इंग्लंडमध्ये १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणाचा भार पॅरिशवर टाकला व त्यासाठी कर बसविला. कारखानदारांना स्वस्त मजूर हवे झाले तेव्हा, १८३४ मध्ये, वर्कहाऊसच्या कोंडवाड्यात शिरल्याखेरीज धडधाकट माणसाला मदत नाही, असे धोरण ठरले. हिंदुस्थानला तेवढेही द्यावयाचे नव्हते. स्ट्रॅचीच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये भीती उघड बोलून दाखविली: दुष्काळात मदतीचा हक्क मान्य केला, तर गरीब तो एरवीही मागतील.

ही भीती निराधार नव्हती. १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल याने (हा पूर्वी याच मध्यप्रांताचा चीफ कमिशनर होता) दुष्काळी कामांवरील मजुरी पाउंडभर धान्य व एक आणा इतकी खाली आणली. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघाले. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली.

म्हणूनच पुढच्या नियमांत सारी सूत्रे अधिकाऱ्याच्या हाती राहिली. दुष्काळ केव्हा जाहीर करावयाचा, कामे केव्हा काढावयाची, हे तोच ठरविणार. उपाशी माणसाला दाद मागण्याची सोय नव्हती. १८९६-९७ मध्ये मध्यप्रांतात मदत उशिरा सुरू झाली ती अशी.

महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा चित्र पालटले. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. मोर्चे, घेराव, संप यांनी राज्य ढवळून निघाले. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, अन्यथा दिवसाला किमान एक रुपया भत्ता. रक्कम क्षुल्लक, पण ती हक्काची होती. संसदेने २००५ मध्ये देशभरासाठी कायदा केला, तेव्हा कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांची हमी दिली. महाराष्ट्राच्या कायद्यात दिवसांची अशी मर्यादा नव्हती.