लिनक्स, मॅक आणि आपला निर्धास्तपणा

(पंचायत कर्मचारी व शिक्षक यांच्या शिबिरात केलेले भाषण)



शाळांना व पंचायतींना भेटी देत असता एक वाक्य वारंवार कानी पडते : "आमच्या संगणकावर लिनक्स आहे, त्याला विषाणू लागत नाही." हा समज अगदीच निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. घरोघरचे व कचेऱ्यांतले बहुसंख्य संगणक विंडोजवर चालतात. म्हणून उपद्रवी आज्ञावल्या रचणारांचा रोखही मुख्यत्वे तिकडेच. शिवाय लिनक्सचा सामान्य वापरकर्ता संपूर्ण यंत्रणेचा धनी नसतो.

परंतु १९८२ साली एका शाळकरी मुलाने गंमत म्हणून रचलेला 'एल्क क्लोनर' पसरला तो ॲपल संगणकांवर. विंडोज बाजारात यावयास तेव्हा तीन वर्षे अवकाश होता. २०१२ मध्ये 'फ्लॅशबॅक'ने सुमारे सहा लाख मॅक संगणक ग्रासले.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण २०१६ च्या 'मिराई'चे. कचेरीच्या दारावर कॅमेरा बसविला की चोराची भीती सरली, असे आपण मानतो. त्या कॅमेऱ्याच्या व राउटरच्या पोटात बहुधा लिनक्सच असते. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द कोणी बदलत नाही, हे ओळखून मिराईने असे साठेक शब्द पाठ करून ठेवले होते! अशा असंख्य उपकरणांकरवी त्याने त्या ऑक्टोबरात अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास ठप्प केली. उपकरण बंद करून पुन्हा चालू केले की तो नाहीसा होई. शब्द तोच राहिला, तर काही मिनिटांत परते. येथे विषाणूरोधक आज्ञावली काय करणार?

मग ती लिनक्सवर ठेवावी की नाही? जो संगणक इतरांच्या फायली वा टपाल हाताळतो, त्यावर अवश्य ठेवावी. 'क्लॅमएव्ही' विनामूल्य मिळते. स्वतः आजारी न पडता रोग वाहून नेणाऱ्या माणसासारखी त्या संगणकाची गत असते. त्याच्याकडून पेनड्राइव्हवर घेतलेली फाईल शेजारच्या विंडोजला बाधते. एकट्या संगणकावर मात्र वेळच्या वेळी सुधारणा भरणे, अधिकृत भांडाराबाहेरचे काही न घेणे आणि रोजच्या कामासाठी मुख्य अधिकाराचे खाते न वापरणे, यांचा उपयोग अधिक.

जन्ममृत्यूच्या व घरपट्टीच्या नोंदींची एक प्रत संगणकापासून अलग ठेवावी. ती उघडते की नाही, हे महिन्यातून एकदा पाहावे. बहुतेक ठिकाणी हे राहूनच जाते.