शाळेत अंडी उबवायची, तर बाविसावा दिवस आधी ठरवा



भात कापून, झोडून झालं की आपल्या वाडीत एखादी तरी कोंबडी खुडूक बसतेच. गेल्या थंडीत अशाच एका दिवशी शाळेच्या बाई आमच्या बचत गटाच्या बैठकीला आल्या. म्हणाल्या, "मुलांना वर्गात अंड्यातून पिल्लू येताना दाखवायचं आहे. अंडी द्याल?" आम्ही लगेच हो म्हटलं. वाटलं, अंडी दिली की आपलं काम संपलं. पण काम तिथून सुरू झालं. त्यात काय जमलं आणि काय चुकलं, ते आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट अंड्यांची. दुकानातलं अंडं उबवून उपयोग नाही. त्या कोंबड्यांत कोंबडा नसतो, म्हणून त्या अंड्यात जीव धरत नाही. आपल्या परड्यातल्या, कोंबडा असलेल्या कोंबड्यांची अंडी घ्यायची. ती ७ दिवसांपेक्षा जुनी नकोत, तडकलेली नकोत, फ्रिजमधली तर नकोतच. अंडं धुवायचं नाही. त्याच्यावर एक पातळ लेप असतो, तो गेला की जंतू आत शिरतात. ठेवताना निमुळतं टोक खाली ठेवायचं. रुंद टोकाला हवेची पोकळी असते आणि पिल्लू पहिला श्वास तिथेच घेतं.

आम्ही २२ अंडी जमवली. १२ शाळेतल्या पेटीत गेली. थर्माकोलची पेटी, आत बल्ब, छोटा पंखा, पाण्याची वाटी आणि ऊब राखणारं बटण. उरलेली १० आमच्या गटातल्या एका आजीच्या पडवीत, खुडूक कोंबडीखाली. टोपलीत तळाला राख, वर पेंढा. मुलं रोज दोन्ही ठिकाणी जाऊन वहीत लिहीत.

पेटीत ३७.५ अंश सेल्सिअस ऊब लागते. अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावी लागतात, नाहीतर आतला जीव कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. फिरवणं विषम संख्येत, म्हणजे रोज रात्री अंड्याची तीच बाजू वर राहत नाही. मुलांनी अंड्याच्या एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढला. कोंबडी हेच काम चोचीने आपणहून करते. ते बघून एका मुलीने आजीला विचारलं, "आजये, ह्यां तुका कोणी शिकवल्यान?" आजी म्हणाली, "माझ्या आवशीन." बाईंनी ते उत्तर फळ्यावर लिहिलं. आमच्या परड्यातलं शहाणपण फळ्यावर चढलेलं आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्यासाठीच. आपल्या पडवीतही तशी शाळा भरू शकते, हे तेव्हा पटलं.

सातव्या दिवशी काळोखात अंड्यामागे बॅटरी धरली. जीव धरलेल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या. तीन अंडी नितळ निघाली, ती बाजूला काढली.

बाराव्या रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत. शाळेत कुणी नव्हतं, पेटी गार पडली. आपल्या किनाऱ्यावर हे ठरलेलंच, तरी आम्ही आधी विचार केला नव्हता. वीज गेली तर पेटी उघडायची नाही, गोधडीने झाकायची, आणि जास्त वेळ गेला तर अंडी खुडूक कोंबडीखाली न्यायची. म्हणून पेटी लावाल तेव्हा गावात एक तरी कोंबडी रवणाला बसलेली असू द्या.

त्याच आठवड्यात एका मुलाने विचारलं, "वायंगणीच्या वाळूत कासवाची अंडी असतात, त्यांच्यावर कोण बसतं?" कुणीच नाही. वाळूची ऊबच त्यांना पुरते. शिवाय कासवाचं अंडं घातल्यावर काही तासांनी फिरवलं तर आतला जीव मरतो. कोंबडीचं फिरवलं नाही तर मरतो. कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्याच्या अंड्याला हात लावायचा नाही, हेही मुलांना सांगितलं.

अठराव्या दिवसापासून फिरवणं बंद, पाणी वाढवायचं. एकविसाव्या दिवशी कवचाला पहिला तडा गेला. पिल्लू बाहेर यायला कित्येक तास लागतात. मुलांचे हात शिवशिवतात, पण कवच सोलायचं नाही, रक्त येऊन पिल्लू मरतं. कोंबडीखाली ८ पिल्लं निघाली, पेटीत ४.

आता आमची चूक. पेटीतली पिल्लं दिवसभर मुलांच्या हातातून फिरली. संध्याकाळी दोन मुलांनी हट्टाने एकेक घरी नेलं. रात्र थंडीची, ऊब नव्हती. सकाळी दोन्ही मेलेली होती. एक मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही. चूक त्या मुलांची नव्हती. एकवीस दिवसांचा हिशेब आम्ही मांडला, बाविसाव्या दिवसाचा मांडलाच नाही. उरलेली दोन आम्ही आदल्या रात्रीच काळोखात कोंबडीच्या पंखाखाली सरकवली होती. तिने ती आपलीच मानली.

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्या शाळेने अंडी मागितली तर जरूर द्या, पण आधी विचारा: पिल्लं कोण सांभाळणार? कोंबडी नसेल तर पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब बल्बने कोण देणार, मग दर आठवड्याला ती थोडी कोण उतरवणार? मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस पहिल्या आठवड्यात लागते. पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी बोलून ठेवा. पिल्लाला हात लावला की साबणाने हात धुवायची सवय मुलांना लावा.

आणखी एक. साधारण निम्मे कोंबडे निघतात. त्यातला एखादा पुढे राखणीला जाईल, एखाद्याची सागोती होईल. हे मुलांपासून लपवू नका. सोप्या शब्दांत आधी सांगा, म्हणजे त्यांना फसवल्यासारखं वाटणार नाही.

यंदा आम्ही पुन्हा अंडी देणार आहोत. पण वहीच्या पहिल्या पानावर या वेळी तारखा नाहीत. बाविसाव्या दिवसापासून पिल्लं सांभाळणाऱ्या तीन घरांची नावं आहेत.